माईक शिट्टी का मारतो? स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने ध्वनीचा एक पाठ



डिसेंबर ते फेब्रुवारी म्हणजे आपल्या जुन्नर-आंबेगावात स्नेहसंमेलनांचे दिवस. ते संपतात न संपतात तोच गावोगावच्या यात्रा सुरू होतात, नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावकारभारी सुपारी द्यायला येऊ लागतात. या चार-पाच महिन्यांत प्रत्येक गावात एक आवाज हमखास ऐकू येतो, तो म्हणजे माईकची कानठळ्या बसवणारी शिट्टी. आपण कानावर हात ठेवतो, साऊंडवाला धावतो, लोक हसतात आणि विषय संपतो.

पण स्टेजवर उभ्या असलेल्या दुसरीतल्या मुलीचा विषय तिथे संपत नाही. भीमाशंकरच्या बाजूच्या एखाद्या वाडीवरून आलेली, घरी ठाकरी किंवा महादेव कोळी बोलीत बोलणारी ही मुलगी महिनाभर चार ओळी पाठ करून पहिल्यांदा एवढ्या लोकांसमोर उभी राहते. तोंड उघडल्याबरोबर शिट्टी वाजली की तिला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. मग ती माईकपासून दोन पावलं मागे सरकते. आवाज येत नाही म्हणून साऊंडवाला व्हॉल्यूम वाढवतो आणि शिट्टी आणखी मोठी होते. हे चक्र नेमकं का होतं ते या लेखात पाहूया. विज्ञानाच्या पुस्तकातला ध्वनीचा पाठ शिकवायला याहून चांगलं साधन शाळेत शोधूनही सापडायचं नाही.

आधी नुसतं ऐका

आपण सगळ्याला सरसकट ‘सेट खराब आहे’ म्हणतो. पण नको असलेले आवाज वेगवेगळ्या जातीचे असतात आणि प्रत्येकाचं मूळ वेगळं असतं. मुलांना डोळे मिटून ऐकायला सांगा. ती स्वतःच नावं ठेवतात. एक असते खालच्या पट्टीतली अखंड घरघर, जुन्या फ्रीजसारखी. दुसरी ‘सूंऽऽ’ अशी सळसळ, लांबून पाऊस ऐकू यावा तशी. तिसरी कटकट किंवा खरखर, मध्येच येणारी आणि वायर हलली की वाढणारी. आणि चौथी शिट्टी. जवळ मोबाइल ठेवला असेल तर फोन यायच्या आधी ‘टिट्-टिट्-टिट्’ असाही एक पाहुणा येतो.

खरखर सगळ्यात सोपी. ढिली पिन, आतून तुटलेली वायर किंवा व्हॉल्यूमच्या बटणात साचलेली धूळ. तिच्यावर जास्त वेळ घालवायला नको. घरघर आणि शिट्टी मात्र नीट समजून घेऊ.

अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे काय करतो?

माईकमधून येणारा विजेचा संदेश अगदी क्षीण असतो. त्याला पायरी-पायरीने मोठं करायचं काम अ‍ॅम्प्लिफायरचं. पूर्वी हे काम काचेचे व्हॉल्व्ह करत. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तीन भागांचा व्हॉल्व्ह बनवला. आत तापलेली तार, तिच्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन, समोर ते गोळा करणारी पट्टी आणि मध्ये एक बारीक जाळी. जाळीला दिलेला छोटासा विद्युतदाब इलेक्ट्रॉनच्या मोठ्या प्रवाहाला आवरतो किंवा सोडतो. कालव्याच्या दारासारखंच आहे हे. दार हलवायला एक माणूस पुरतो, पण त्यातून सुटणारं पाणी अख्खी शिवारं भिजवतं. डिंभे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या मुलांना हे उदाहरण लगेच कळतं.

आजी-आजोबांकडचा जुना रेडिओ आठवतो? बटण फिरवल्यावर अर्धा मिनिट गप्प बसायचा, मग हळूहळू बोलायला लागायचा. तो वेळ व्हॉल्व्ह तापायला लागायचा. आज शाळेतल्या आणि मंडपातल्या सेटमध्ये व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आणि चिप आल्या. गिटार वाजवणारी हौशी मंडळी मात्र अजून व्हॉल्व्हचाच अ‍ॅम्प्लिफायर पसंत करतात, कारण आवाज फाटायला लागला तरी तो त्यांच्या कानाला गोड लागतो. आपल्याकडे गिटार कमी आणि बेंजो जास्त. लग्नाच्या वरातीत गाडीवर वाजतो तो बेंजो आणि इलेक्ट्रिक गिटार हे या बाबतीत सख्खे भाऊ आहेत. दोघांच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार हलली की या गुंडाळीत वीज निर्माण होते. म्हणून पुढे गिटारबद्दल जे लिहिलंय ते तुमच्या गावच्या बेंजो पार्टीलाही लागू आहे.

दोन प्रश्न, आणि निम्मं काम झालं

बिघाड शोधायला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. दोन प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न, व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणल्यावर आवाज जातो का? गेला, तर तो व्हॉल्यूमच्या बटणाच्या आधी कुठेतरी शिरतोय. म्हणजे माईक, वायर, पिकअप किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या पहिल्या पायऱ्या. नाही गेला, तर तो बटणाच्या नंतर शिरतोय, म्हणजे वीजपुरवठ्याचा भाग किंवा शेवटची मोठी पायरी. ओढ्याचं पाणी गढूळ झालं तर आपण वर-वर चालत जातो आणि कुठून गढूळ व्हायला लागलं ते पाहतो, तसंच.

दुसरा प्रश्न, व्हॉल्यूम नेहमीसारखा ठेवून सगळ्या पिना उपसून काढल्या तर? आवाज थांबला तर दोष बाहेरचा. मग एकेक पिन परत लावायची आणि प्रत्येक वेळी ऐकायचं. एका वेळी एकच बदल करायचा, हे मुलांना अगदी ठासून सांगा. आपण मोठी माणसं घाईत तीन वायरी एकदम बदलतो. आवाज जातो, पण कशामुळे गेला ते कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

या चाचणीची नोंद वहीत करायला लावा. चौथी-पाचवीच्या मुलांना ‘काय केलं’ आणि ‘काय ऐकलं’ असे दोन रकाने पुरतात.

घरघर आणि तिसरी पिन

आपल्या घरातली वीज एका सेकंदात ५० वेळा पुढे-मागे होते. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ती एकाच दिशेने वाहणारी करतात, तेव्हा तिच्यात सेकंदाला १०० लाटा उरतात आणि त्या सपाट करायला मोठे कपॅसिटर बसवलेले असतात. ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतून सुकतात आणि लाटा पूर्ण सपाट होत नाहीत. मग व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी १०० हर्ट्झची घरघर चालूच राहते. हे काम कारागिराचं.

बाहेरून शिरणारी घरघर बहुतेक वेळा ५० हर्ट्झची असते आणि ती आपण घालवू शकतो. बेंजोवाल्याला वाद्य हातात घेऊन जागेवरच हळूहळू गोल फिरायला सांगा. एका दिशेला घरघर वाढेल, दुसऱ्या दिशेला कमी होईल. पिकअपची गुंडाळी जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं किंवा ट्यूबलाइटच्या चोकचं चुंबकीय क्षेत्र पकडत असते आणि दिशा बदलली की ते कमी-जास्त होतं. मुलांना हा खेळ फार आवडतो. न दिसणारी गोष्ट कानाने शोधता येते ना! गिब्सन या गिटारच्या कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास यावर नामी उपाय काढला. उलट-सुलट गुंडाळलेल्या दोन गुंडाळ्या शेजारी-शेजारी ठेवायच्या. बाहेरची घरघर दोघींत एकमेकींच्या विरुद्ध येते आणि मिटते. दोन्हींची चुंबकंही उलटसुलट असल्यामुळे तारेचा सूर मात्र मिटत नाही, उलट त्याची बेरीज होते.

शाळेत हल्ली वेगळीच घरघर दिसते. नाचाचं गाणं लॅपटॉपवरून लावलं की सुरू, लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली की बंद. लॅपटॉप एका बोर्डावर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर आणि दोघांमध्ये आवाजाची वायर अशी जोडणी केली, की अर्थिंगचं एक मोठं कडं तयार होतं आणि त्यातून बारीक प्रवाह फिरत राहतो. दोन्ही एकाच बोर्डावरून चालवा. तरी राहिली तर गाण्यापुरता लॅपटॉप बॅटरीवर ठेवा. आवाजाच्या वायरीत बसवायचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरही दुकानात मिळतो.

आता एक गोष्ट हात जोडून सांगतो. घरघर घालवायला काही जण प्लगची वरची जाड पिन काढून टाकतात किंवा अर्थिंगची वायर तोडतात. घरघर खरंच जाते, म्हणून ही युक्ती एकाकडून दुसऱ्याकडे पसरते. पण त्या पिनेचं काम काय ते बघा. सेटच्या आत चुकून वीज धातूच्या डब्याला लागली, तर ती अर्थिंगमधून जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर डब्यातच वीज राहते. माईकच्या वायरीवरची जाळी डब्याला जोडलेली, माईकची धातूची नळी त्या जाळीला जोडलेली, आणि ती नळी धरलेली असते त्या दुसरीतल्या मुलीने. गिटार-बेंजोच्या ताराही अशाच डब्याशी जोडलेल्या असतात. दव पडलेल्या मैदानावर अनवाणी नाचणारी मुलं आणि तुटलेली पिन, एवढ्यावरून काय ते ओळखा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मंडपवाल्याच्या प्लगच्या पिना स्वतः मोजा. तीन पाहिजेत. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल तर त्यात पाणी घाला, आणि जनरेटर असेल तर त्याला अर्थिंग केलंय का ते विचारा. विचारायला संकोच करू नका. पालकांनीही विचारावं.

शिट्टीचं गोल चक्र

शिट्टीत बिघाड काहीच नसतो. सगळं नीट चालू असतं म्हणूनच ती वाजते.

माईकमध्ये गेलेला आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून कर्ण्यातून बाहेर पडतो, हवेतून परत माईकपाशी येतो आणि पुन्हा मोठा होतो. परत आलेला आवाज पहिल्यापेक्षा लहान असेल तर चक्र आपोआप विझतं. पहिल्याएवढा किंवा मोठा असेल, आणि लाटेला लाट जुळून आली, तर तोच सूर फुगत जातो. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखा. फरक इतकाच की इथे वर्षं लागत नाहीत, एखादा सेकंद पुरतो. यालाच फीडबॅक म्हणतात. (प्रशिक्षणाच्या शेवटी आपल्याकडून भरून घेतात तो फीडबॅक फॉर्म याच शब्दाचा भाऊ. तिथे सहसा शिट्टी वाजत नाही!)

थोडं गणित करू. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. कर्णा माईकपासून ३.४ मीटरवर असेल तर आवाज परत यायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. मग लाटेला लाट जुळतील असे सूर साधारण १०० हर्ट्झच्या अंतराने सापडतात, आणि त्यांतला जो सूर कर्ण्याला आणि माईकला सगळ्यात जास्त मानवतो तो जिंकतो. म्हणून माईक थोडा सरकवला की शिट्टीची पट्टी बदलते. मोबाइलवर फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे, त्यात शिट्टीची वारंवारिता आकड्यात दिसते. व्हॉल्यूम अगदी कमी ठेवून, कर्ण्याला पडदा लावून, माईक १, २, ३ मीटरवर ठेवून हा प्रयोग घ्या. मुलांचे कान जपा.

आता उपाय. सगळ्यात मोठा उपाय फुकट आहे. माईक तोंडाजवळ आणा. तोंड आणि माईकमधलं अंतर ४० सेंटिमीटरवरून १० सेंटिमीटर केलं, तर माईकवर पडणारा आवाजाचा दाब साधारण चौपट होतो. मग अ‍ॅम्प्लिफायर तेवढा खाली आणता येतो आणि चक्र तुटतं. म्हणूनच मागे सरकणाऱ्या मुलीला साऊंडवाल्याने व्हॉल्यूम वाढवून मदत होत नाही. तिला कुणीतरी आदल्या दिवशी, रिकाम्या स्टेजवर, चार बोटांवर माईक धरून बोलायची सवय लावायला हवी. स्टँड पहिलीच्या मुलांसाठी खाली आणि शिक्षकांसाठी वर करायला एका मोठ्या मुलाला नेमा. आपण बहुतेक ठिकाणी स्टँड प्रमुख पाहुण्यांच्या उंचीला लावतो आणि मग मुलांनी टाचा वर कराव्यात अशी अपेक्षा धरतो, हे मला कधीच पटलेलं नाही.

कर्णे नेहमी माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. माईकची जाळी मुठीत झाकू द्यायची नाही. मागून येणारा आवाज टाळण्यासाठी जाळीच्या खाली झरोके असतात, ते बुजले की माईक चारी बाजूंनी ऐकायला लागतो. डीजेच्या गाण्यांत पाहून मुलं नेमकं हेच करतात. वापरात नसलेले माईक बंद ठेवा. एकसारखे चालू माईक दुप्पट झाले, की शिट्टीपर्यंतची मोकळी जागा सुमारे ३ डेसिबलने कमी होते. नाटुकलीसाठी वरून चार माईक टांगायची पद्धत आहे, तिथे हे विशेष लक्षात ठेवा.

तमाशाचा जुना फड कर्ण्याशिवाय हजारोंना ऐकू जायचा. ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि कमावलेला गळा. ज्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं, त्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच परंपरेतल्या. आवाज फेकून बोलायचा सराव माईक असला तरी उपयोगी पडतो. मुलगा जितका खणखणीत बोलेल तितकं यंत्राला कमी वाढवावं लागतं.

बेंजो किंवा गिटारची शिट्टी थोडी वेगळी. इथे हवेतल्या आवाजाने वाद्याची तारच हलते. तपासायची युक्ती अशी, की शिट्टी चालू असताना सगळ्या तारांवर तळहात ठेवा. थांबली तर तारांचं चक्र होतं, वादकाला कर्ण्यासमोरून बाजूला उभं करा. तरी चालूच राहिली तर पिकअपच्या आतली गुंडाळी ढिली आहे. ती मेणात बुडवून घट्ट करतात. नाहीतर मग व्हॉल्व्हच बोलतोय. व्हॉल्व्हच्या आतले भाग वयोमानाने सैल होतात आणि कर्ण्याच्या हादऱ्याने थरथरतात, म्हणजे व्हॉल्व्ह स्वतःच माईक होऊन बसतो. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पहिल्या पायरीला बहुधा १२एएक्स७ जातीचा छोटा व्हॉल्व्ह असतो. जाणकार कारागीर लाकडी पेन्सिलीने त्यावर हळूच टिचकी मारतो. कर्ण्यातून ‘टण्ण’ असा घुमणारा आवाज आला की तो व्हॉल्व्ह बदलायचा. हे काम कारागिरानेच करायचं. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहतात. शाळेच्या कपाटात असा जुना सेट सापडला तर मुलांना तो बाहेरूनच दाखवा, मागचं झाकण उघडू नका.

सळसळ, आणि खोडदच्या मोठ्या छत्र्या

‘सूंऽऽ’ राहिली. ती पूर्ण कधीच जात नाही. कुठल्याही तारेत, व्हॉल्व्हमध्ये उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन अस्ताव्यस्त धावत असतात आणि त्यांचा बारीक आवाज होतो. पहिल्या पायरीवर जो गोंगाट मिसळतो तो पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर वाढत जातो. म्हणून माईकचं बटण पुरेसं वर आणि मुख्य बटण खाली ठेवलं तर सळसळ कमी ऐकू येते.

याच सळसळीसाठी आपल्या तालुक्यात खोडदला जगप्रसिद्ध वेधशाळा उभी आहे. जीएमआरटी म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० छत्र्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात, की पहिल्या पायरीच्या अ‍ॅम्प्लिफायरने स्वतः कमीत कमी गोंगाट करावा यासाठी तिथे सगळी धडपड असते. बाहेरचा गोंगाट नको म्हणून ही जागा निवडली. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग ठरवताना वेधशाळेची अडचण पुढे आली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलं, त्यामागे हेच कारण होतं.

आणि या विज्ञानाची सुरुवातच मुळी गोंगाट शोधण्यातून झाली. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याला काम दिलं होतं, की समुद्रापलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोध. त्याने मोटारीच्या चाकांवर फिरणारा अँटेना बांधला आणि ऐकलेल्या खरखरीचे तीन प्रकार पाडले. जवळच्या विजांची, लांबच्या विजांची, आणि तिसरी एक मंद, अखंड सळसळ. आधी त्याला ती सूर्याकडून येते असं वाटलं. पण रोजच्या नोंदी पाहताना लक्षात आलं, की ती २४ तासांनी नाही, तर २३ तास ५६ मिनिटांनी परत येते. ही तर ताऱ्यांची वेळ. १९३३ साली त्याने जाहीर केलं, की ही सळसळ आपल्या आकाशगंगेतून येते. दोन रकान्यांची वही चार मिनिटांच्या फरकासाठी किती महत्त्वाची असते, हे मुलांना सांगायला मला याहून चांगली गोष्ट माहीत नाही.

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, खोडदला विद्यार्थ्यांची प्रदर्शनं भरतात. घरघर-सळसळीची वही घेऊन जायला तो चांगला दिवस आहे.

जाता जाता एक कामाची गोष्ट. सेट दुरुस्तीला मंचर-नारायणगावला न्याल तेव्हा ‘आवाज नीट येत नाही’ एवढंच सांगू नका. ‘व्हॉल्यूम शून्यावर, सगळ्या पिना काढलेल्या, तरी घरघर राहते’ असं कागदावर लिहून सेटला चिकटवा. कारागीर थेट वीजपुरवठ्याचा भाग उघडेल, आणि नको ते भाग बदलल्याचे पैसे शाळेला द्यावे लागणार नाहीत.